कांजिण्या कुणाला झालेल्या नाहीत?

थंडी ओसरते, दुपारचे ऊन चटका देऊ लागते, परीक्षा तोंडावर येतात, त्या सुमारास मुंबईत कांजिण्यांचे दिवस सुरू होतात. वर्गातली दोन-चार बाके रिकामी दिसू लागतात, घरात कडुलिंबाचा पाला येतो. आठ-दहा दिवसांत मूल बरे होते, नाकावर एखादा व्रण उरतो आणि आई-वडील म्हणतात, एकदाच्या होऊन गेल्या. 'होऊन गेल्या' हे शब्द या आजाराला उगीच चिकटलेले नाहीत. एकदा झाल्या की बहुतेकांना त्या पुन्हा होत नाहीत, हे प्रयोगशाळेने सांगण्याआधीच आजीला माहीत होते. प्रश्न असतो तो ज्यांना झालेल्या नाहीत त्यांचा. अशी माणसे रुग्णालयाच्या वॉर्डात कामाला असतील तर तो त्यांच्यापुरता राहत नाही.

कांजिण्यांना किरकोळ ठरवण्यात देवीच्या रोगाचा मोठा हात आहे. देवीने माणसे मरत, आंधळी होत. माहीमच्या शीतलादेवीसमोर हात जोडणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ती भीती पाहिली होती. त्या भयंकर रोगाशेजारी उभे केल्यावर कांजिण्या सौम्य वाटणारच. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. तुलनेला समोर असलेला रोग गेला, पण तुलनेतून आलेली बेफिकिरी मात्र राहिली. आजही शिकाऊ डॉक्टरला कांजिण्या झाल्या की वसतिगृहात थट्टा होते, या वयात लहान मुलांचा आजार कसा झाला म्हणून. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांना तो झालेला नाही, हे मात्र कुणी विचारत नाही.

जुहू-विलेपार्ल्याच्या सीमेवर महापालिकेचे डॉ. आर. एन. कूपर रुग्णालय आहे. २०१५ पासून त्याला वैद्यकीय महाविद्यालयही जोडलेले आहे. आसपास जुहूचे बंगले आहेत, नेहरू नगरची दाट वस्ती आहे, जुने कोळीवाडे आहेत, आणि ओपीडीच्या रांगेत पश्चिम उपनगरांतली सगळ्या थरांतली माणसे उभी असतात. अशा कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, समजा, फेब्रुवारीच्या एका सकाळी विशीतला एक तरुण ताप आणि अंगदुखी घेऊन आला. त्याने केसपेपर काढला, तासभर बाकावर बसला, रक्त तपासायला दिले, गोळ्या घेऊन घरी गेला. अंगावर एकही फोड नव्हता. फोड आले दुसऱ्या दिवशी. पण कांजिण्यांचा विषाणू पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून श्वासावाटे बाहेर पडत असतो. म्हणजे निदान होण्यापूर्वीच त्या बाकावर, त्या खिडकीशी, त्या रक्ततपासणीच्या टेबलाशी काम होऊन गेले होते.

रुग्णालयांतल्या सगळ्या नेहमीच्या व्यवस्थेचे पाय इथे लटपटतात. आपली व्यवस्था फोड दिसल्यावर जागी होते. रुग्णाला वेगळे करा, मास्क लावा, फार वाटले तर सात रस्त्याजवळच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवा. संसर्गजन्य रोग म्हणजे कस्तुरबा, हे समीकरण मुंबईच्या वैद्यकीय मनात इतके घट्ट आहे की इतर रुग्णालयांना आपण त्या रोगांपासून सुटलो असे वाटत राहते. पण रुग्ण कस्तुरबात पोहोचतो तो आधी कुठेतरी बसून, कुणाशी तरी बोलून.

शिवाय हा विषाणू हवेतून जातो, केवळ शिंतोड्यांतून किंवा स्पर्शातून नव्हे. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातील प्रसाराचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून वॉर्डातल्या हवेवाटे होणाऱ्या या लागणीबद्दल शंका उरलेली नाही. घरात एकाला कांजिण्या झाल्या, तर आधी न झालेल्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांना होतात. इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत. गोवर त्यांतला एक. हवा आत ओढून बाहेर फेकणाऱ्या, दाब नियंत्रित ठेवणाऱ्या खोल्या आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत मोजक्याच असतात. तीस-चाळीस खाटांचा वॉर्ड, वर फिरणारे पंखे आणि खाटेशेजारी दोन-दोन नातेवाईक, हे आपले वास्तव आहे. तिथे भिंतीपेक्षा माणसांच्या रक्तातली प्रतिकारशक्तीच उपयोगी पडते.

ती रक्तात आहे, असे आपण गृहीत धरतो. इथेच भारताचे आणि थंड देशांचे गणित वेगळे होते. युरोप-अमेरिकेत लस येण्यापूर्वी जवळजवळ प्रत्येकाला कांजिण्या शाळकरी वयातच होऊन जात. उष्ण कटिबंधात तसे होत नाही. इथे हा आजार उशिरा गाठतो आणि कित्येकजण तो न होताच विशी ओलांडतात. दमट उष्णतेत विषाणू तग धरत नाही, हे एक कारण सांगितले जाते. पण ते पुरेसे नाही. पश्चिम बंगालमधील एका अभ्यासाचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोलकात्यातल्या आणि खेड्यांतल्या लोकांची तुलना होती. हवामान सारखेच, पण कांजिण्या न झालेले प्रौढ प्रामुख्याने खेड्यांत सापडले. विषाणूशी गाठच पडली नव्हती, इतके साधे कारण त्या संशोधकांनी दिले. पुढे २००० साली 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये भारतातील रक्तनमुन्यांचा अभ्यास आला. वयाबरोबर प्रतिपिंडांचे प्रमाण वाढत जाते, पण तरुणपणीही सगळ्यांमध्ये ती नसतात, असे त्यातून दिसले.

आता मुंबईच्या रुग्णालयांत कामाला येणारी माणसे डोळ्यांसमोर आणावीत. नर्सिंगला आलेली केरळच्या किंवा सांगली-साताऱ्याच्या गावातली मुलगी, कोकणातल्या वाडीवरून आलेला वॉर्डबॉय, नीटची परीक्षा देऊन मराठवाड्यातून आलेला विद्यार्थी, उत्तर प्रदेशातून आलेला सुरक्षारक्षक. म्हणजे ज्यांना लहानपणी कांजिण्या न होण्याची शक्यता अधिक, तेच तरुण वयात शहराच्या सर्वांत गर्दीच्या आणि सर्वांत आजारी जागेत येऊन उभे राहतात. आणि ते एकत्र राहतात, एका मेसमध्ये जेवतात, एका खोलीत तिघे-तिघे झोपतात.

त्यात आता आणखी एक गुंतागुंत आली आहे. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना मुलांना या लशीच्या दोन मात्रा द्याव्यात असे सांगते, पण सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही. खासगी दवाखान्यात एका मात्रेला दोन हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. त्यामुळे ऐपत असलेल्यांची मुले लस घेतात, बाकीची घेत नाहीत. लस घेतलेल्यांची संख्या वाढली की विषाणूचे फिरणे थोडे मंदावते आणि न घेतलेल्या मुलांची त्याच्याशी गाठ आणखी उशिरा पडते. अर्धवट लसीकरणाने आजार मोठ्या वयाकडे सरकतो, हा धोका साथरोगतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. जुहूतल्या टॉवरमधल्या मुलाने घेतलेल्या लशीचा परिणाम नेहरू नगरातल्या मुलाच्या विसाव्या वर्षी दिसू शकतो, आणि तो मुलगा तोवर कदाचित रुग्णालयात स्ट्रेचर ढकलत असेल.

मोठ्या वयात कांजिण्या सौम्य नसतात. ताप जास्त, फोड जास्त, आणि न्यूमोनियाची भीती खरी. सिगारेट ओढणाऱ्यांत ती अधिक. अमेरिकेत लस येण्यापूर्वीच्या नोंदींनुसार एकूण रुग्णांत प्रौढ सुमारे ५ टक्के होते, पण मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता.

कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणाहून मोठी काळजी त्याच्या आसपासच्या माणसांची आहे. गर्भारपणाच्या पहिल्या २० आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या, तर सुमारे १ ते २ टक्के बाळांमध्ये हातापायांची वाढ खुंटणे, डोळ्यांचे वा मेंदूचे दोष असे परिणाम दिसतात. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ आले तर बाळाची अवस्था बिकट होते. विषाणू आईकडून मिळतो, पण तिची प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला वेळच मिळालेला नसतो. पूर्वी अशा बाळांपैकी ३० टक्क्यांपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. मुलांच्या वॉर्डात मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइड घेणारे मूल असते, केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमध्ये ताप आला म्हणून घराजवळच्या रुग्णालयात आणलेले मूल असते. या मुलांच्या फुप्फुसांत, यकृतात हा विषाणू घुसतो. त्यांना जिवंत लस देता येत नाही. म्हणून त्यांच्याजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने ती घेतलेली असणे, किंवा कांजिण्या होऊन गेलेल्या असणे, हेच त्यांचे संरक्षण.

नागीण हा याच विषाणूचा दुसरा अवतार. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एका पट्ट्यात उफाळून येतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत खोटी आहे, पण त्या भीतीने लोक निदान जवळ जाताना बिचकतात. रुग्णालयात मात्र उलटे घडते. नागीण झालेला मधुमेही वृद्ध सर्वसाधारण वॉर्डात इतरांबरोबर ठेवला जातो, त्याच्या फोडांना हाताने मलम लावले जाते. ज्या मावशींना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांना या फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. नागिणीपासून नागीण लागत नाही, कांजिण्या लागतात, एवढे एक वाक्य वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असते तरी पुष्कळ झाले असते.

अशी गाठ पडल्याचे कळल्यावर काय होते? विषाणू शरीरात गेल्यापासून पुरळ यायला १० ते २१ दिवस लागतात. पुरळाच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, म्हणून प्रतिकारशक्ती नसलेल्या कर्मचाऱ्याला संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत रुग्णांपासून दूर ठेवावे, असा अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचा नियम आहे. तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता वाढते. गर्भवती कर्मचारी असेल तर लस देता येत नाही. तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. ते महाग आहे, आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि दहा दिवसांच्या आत द्यावे लागते. म्हणजे घड्याळ चालू झालेले असते आणि पहिले दोन-तीन दिवस कुणाला कांजिण्या झाल्या होत्या आणि कुणाला नाही हे शोधण्यातच जातात. सिस्टर गावी फोन लावून आईला विचारते, मला लहानपणी आल्या होत्या का गं? आई म्हणते, काहीतरी आले होते बघ, गोवर होता की कांजिण्या, आठवत नाही.

ही चौकशी आधीच व्हायला हवी. नोकरीवर रुजू होताना, महाविद्यालयात प्रवेश घेताना, कंत्राटदाराने माणूस पाठवला त्या दिवशी. ती फार अवघडही नाही. ज्यांना कांजिण्या झाल्याचे पक्के आठवते, किंवा ज्यांच्याकडे दोन मात्रांची नोंद आहे, त्यांना बाजूला ठेवता येते. उरलेल्यांचे रक्त तपासावे; आठवत नाही म्हणणाऱ्यांपैकीही अनेकांत प्रतिपिंडे सापडतात, कारण लहानपणी चार-दोन फोड येऊन गेलेले असतात आणि कुणी लक्ष दिलेले नसते. ज्यांच्यात सापडत नाहीत त्यांना चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्यात. त्यानंतर पुन्हा रक्त तपासण्याची गरज नाही. बाजारातल्या नेहमीच्या चाचण्यांना लशीने तयार झालेली प्रतिपिंडे कधीकधी दिसत नाहीत आणि विनाकारण घबराट होते. तरुण मुलींना लस द्यायची ती लग्न-बाळंतपणाच्या आधी, कारण गर्भारपणात ती देता येत नाही आणि घेतल्यानंतरही काही काळ थांबावे लागते. लशीनंतर थोड्या लोकांना बारीक पुरळ येते. ते दिसले तर त्या व्यक्तीने प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांपासून काही दिवस दूर राहायचे.

हा विषय निघाला की एक उत्तर हमखास मिळते. देशाने मुलांसाठीच ही लस अजून स्वीकारलेली नाही, मग कर्मचाऱ्यांसाठी कशी? हे उत्तर ऐकायला तर्कशुद्ध वाटते, पण ते चुकीचे आहे. दोन प्रश्न वेगळे आहेत. ब्रिटनने मुलांच्या सरसकट लसीकरणात ही लस आणायचे ठरवले ते अगदी अलीकडे. पण प्रतिकारशक्ती नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती देण्याची शिफारस तिथे २००३ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ च्या आपल्या भूमिकेत, कांजिण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना दोन मात्रा देण्याचा देशांनी विचार करावा, असे म्हटले आहे.

या लशीचा जन्मही आठवण्यासारखा आहे. जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत काम करत असताना १९६४ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि तो अत्यवस्थ झाला. मुलगा वाचला. ताकाहाशी मायदेशी परतले आणि ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडांतून मिळालेल्या विषाणूपासून त्यांनी लस तयार केली. जगभर आजही मुख्यत्वे त्याच ओका वाणाची लस वापरली जाते. तिच्यावरचा पहिला शोधनिबंध १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि त्याचा विषय होता रुग्णालयात दाखल असलेल्या मुलांमध्ये कांजिण्यांचा प्रसार रोखणे. शाळा, अंगणवाड्या, सरसकट लसीकरण हे सारे नंतरचे. ही लस मुळात वॉर्डासाठी वापरून पाहिली गेली होती.

पैशांचा मुद्दा राहतो. खासगी दराने दोन मात्रांचे चार हजार रुपये धरले, तरी कायम नोकरीतल्या एका परिचारिकेला दोन आठवडे कामावरून दूर ठेवण्याचा खर्च त्याहून किती तरी जास्त होतो. तपासणी करून फक्त ज्यांना गरज आहे त्यांनाच लस द्यायची, म्हणजे संख्या आणखी घटते. कावीळ बी ची लस आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळालीच पाहिजे, हे एकेकाळी पटवून द्यावे लागत असे; आज त्यावर कुणी वाद घालत नाही. सुई टोचण्याची भीती डोळ्यांना दिसते, हवेची दिसत नाही, इतकाच फरक.

खरी अडचण कंत्राटी माणसांची आहे. झाडूपोछा करणारे मामा-मावशी, सुरक्षारक्षक, जेवणाचे ट्रॉलीवाले हे सर्वांत जास्त वॉर्डांतून फिरतात आणि रुग्णालयाच्या कुठल्याच आरोग्य नोंदीत नसतात. ताप आला तरी ते येतात, कारण खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. अशा माणसाला एकवीस दिवसांचा नियम सांगणे म्हणजे त्याला लपवायला शिकवणे आहे. पगारी रजेची सोय न करता संसर्गनियंत्रणाचे फलक लावणाऱ्या प्रशासनाला हे ठाऊक नसते असे नाही.

आणि यादी करणे अशक्य आहे, असे तरी कुणी म्हणू नये. १६ जानेवारी २०२१ रोजी करोनाची लस आली, तेव्हा मुंबईतल्या पहिल्या केंद्रांमध्ये जुहूचे कूपरही होते. त्या आधीच्या काही आठवड्यांत शहरातल्या रुग्णालयांनी डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सर्वांची नावे संगणकावर चढवली होती, कंत्राटी माणसे धरून. कोण कुठे काम करतो, पहिली मात्रा कधी, दुसरी कधी, हे सगळे एका पडद्यावर दिसत होते. त्याच पद्धतीच्या यादीत कांजिण्यांचा एक रकाना वाढवायचा आहे. त्यात तीनच उत्तरे असतील: झाल्या आहेत, लस घेतली आहे, दोन्ही नाही.

तिसऱ्या उत्तराच्या माणसांना फेब्रुवारीपूर्वी दोन्ही मात्रा मिळायच्या तर मधले चार ते आठ आठवडे धरून पहिली मात्रा नोव्हेंबरात द्यावी लागते. रक्ततपासणीचे निकाल यायला आणि लशीची खरेदी मंजूर व्हायला लागणारा वेळ धरला, तर यादी गणपती विसर्जनाच्या सुमारास तयार हवी. नव्या शिकाऊ डॉक्टरांची आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनींची तुकडी रुजू होईल, त्या दिवशीच्या अर्जापासून ती सुरू करता येते.